नातीनं अर्ज भरला तेव्हा

बाबा, तुमची नात निवडणुकीला उभी राहिली होती. कॅनडात, ती राहते त्या शहराच्या नगरपालिकेला. तुम्ही गेलात तेव्हा ती रांगत होती, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते.

तिचा फोन आला तेव्हा मी बालीगंजच्या या स्वयंपाकघरात परवल चिरत होते. "आई, मी नगरसेवकपदासाठी अर्ज भरलाय. इथं पक्षबिक्ष नसतो गं. दारोदार जायचं, लोकांशी बोलायचं. बस वेळेवर येत नाही, रस्त्यावरचा बर्फ उचलत नाहीत, असलेच प्रश्न." मी विचारलं, "अनोळखी दारांवर एकटी जातेस?" "मैत्रीण असते बरोबर." मी बरं बरं म्हणत राहिले, पण डोळ्यांपुढे तुम्ही उभे राहिलात. इथल्याच खिदिरपूरच्या गोदीत कस्टमची नोकरी, आणि मी कॉलेजात होते त्या वर्षी तुम्हाला मतदान केंद्रावर ड्युटी लागलेली. संध्याकाळी तुम्ही दारात उभे आहात, शर्टाची बाही खांद्यापासून फाटलेली, ओठ सुजलेला. आई हळद लावते आहे आणि कुणी मारलं ते तुम्ही सांगत नाही. मग एकदम माझ्याकडे वळता, कारण कॉलेजातल्या निवडणुकीला मी नाव दिलेलं तुम्हाला ठाऊक आहे. "उद्या जाऊन नाव मागे घे." मी म्हणते, "पण बाबा, सगळ्या मुली माझ्या बाजूनं आहेत." "आपण बदलीवर आलेली, परक्या गावातली माणसं. मत द्यायचं नि घरी यायचं." मी नाव मागे घेतलं. तुमचा रागही आला नाही, कारण बोलताना तुम्ही ती फाटकी बाही खांद्याशी धरून ठेवली होती.

मतदानाला आठवडा राहिला असताना तिनं एक फोटो पाठवला. कुणाच्या तरी अंगणात तिच्या नावाचा फलक लावला होता, त्यावर काळ्या रंगानं 'परत जा' लिहिलेलं. मी लगेच फोन केला. म्हणाले, "नाव मागे घे." ती मग म्हणाली, "आई, ज्या आजींचं ते अंगण आहे ना, त्यांनी स्वतः घासून तो फलक पुसला आणि पुन्हा उभा केला. त्यांना काय सांगू?" मी फोन ठेवून दिला. त्यानंतर मला धड झोप नाही. भाजीवाल्याला दोनदा पैसे दिले, दूध उतू गेलं.

तिथं मतमोजणी संपली तेव्हा इथं सकाळ होती. खाली दुर्गापूजेच्या मांडवाचे बांबू उतरवत होते, त्या आवाजात मला फोन नीट ऐकूच येईना. "हरले, आई. थोडक्यात हरले." मी विचारलं, "घरी पोचलीस का? दार लावलंस?" ती रडता रडता हसली. "पोचले. पुढच्या वेळी पुन्हा उभी राहणार आहे, आत्ताच सांगून ठेवते."

हे पत्र कुठं जायचं नाही, म्हणून लिहिते. ती हरावी, असं मी रोज देवापुढे म्हणत होते. हरली की सुटले, असंच वाटत होतं. पण फोन ठेवला आणि तिला मत न देणाऱ्या त्या सगळ्या माणसांचा, ज्यांची तोंडंही मी कधी पाहणार नाही, मला भयंकर राग आला, बाबा.