अभ्यासिकेची दारं

१२ जानेवारी, सोमवार

वखारीतून आत्ता आले.

आपला साग फाडला आज. मुळशीकडच्या एकरभरात ह्यांनी चोवीस वर्षांपूर्वी लावलेला. त्यातली बारा झाडं तोडून आणली होती. ह्यांच्या गावच्या विहाराशेजारी अभ्यासिका होते आहे, तिच्या दारांसाठी. भर सभेत शब्द दिलाय ह्यांनी, की दारं माझ्या आईच्या नावाने, माझ्या शेतातल्या सागाची. गुडघ्यामुळे ह्यांना येता येईना, म्हणून टेम्पोबरोबर मी.

पहिला ओंडका करवतीवर चढला. ह्यांना दाखवायला मी फोन धरून उभी. ओंडका उघडला आणि आत बहुतेक पांढरंच. सागाचा तपकिरी गाभा म्हणतात तो जेमतेम चार बोटं. बाकी गाठी. दुसरा, तिसरा, तेच. चौथा तर फाडता फाडताच पिळला. मी फोन पिशवीत टाकला.

वखारीचे शेठ फळीवर हात फिरवत म्हणाले, "मॅडम, ह्यांच्या शेजारची जाड झाडं कुठे गेली?"

विरळणीत काढली, म्हटलं.

"जाड काढली? आणि ही ठेवली?"

त्यांनी चहा मागवला. मग सावकाश सांगितलं, एखाद्या आजारी माणसाला सांगावं तसं. विरळणी करायची ती दबलेली, वाकडी काढून सरळ, जाड झाडांना जागा द्यायला. सावलीत खुरटलेलं झाड एकदम उघड्यावर आलं की बुंध्याला जागोजागी फुटवे येतात, आणि प्रत्येक फुटव्याची आत गाठ होते. सात फुटांची सरळ फळी ह्यातून निघणार नाही. दारं नाहीत. फार तर बाकं होतील.

चहा तसाच ठेवून आले.

१३ जाने.

ह्यांनी व्हिडिओ मागितला. फोन चार्ज नव्हता, असं मी ठोकून दिलं. चौतीस वर्षं शाळेत पोरांना खोटं बोलू नका म्हणून शिकवलं.

सगळं आठवतंय, हीच तर पंचाईत. सोळा वर्षांपूर्वी ह्यांची बायपास झाली आणि झाडं तोडायची परवानगी नेमकी त्याच महिन्यात हातात आली. मुदत थोडीच होती. हॉस्पिटलच्या खाटेवरून ह्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, "सरळ, जाड ठेव. दबलेली, वाकडी काढ." मी हो म्हणून गेले.

तिथे गेले तर जाड झाडं वर ऐसपैस, आणि त्यांच्याखाली बिचारी बारकी, उजेडासाठी माना वाकड्या करून. मला बघवेना. माझ्या वर्गात कच्ची मुलं पहिल्या बाकावर, हुशार मागे. हुशारांचं काय, ती कुठेही निभावतात. कधी शंका आली नाही मला ह्या नियमाबद्दल. गेरूचा डबा घेतला आणि जाड झाडांवर फुल्या मारत सुटले.

झाडं तोडणारे मामा म्हणाले होते, "बाई, जाड काढायची म्हनता? बगा हां."

मी म्हणाले, त्यांचं झालं आता, बारक्यांना वाव द्या. मामांनी एकदाच विचारलं. सरळसोट वासे त्यांना आयते मिळत होते, दुसऱ्यांदा कशाला विचारतील.

ह्यांना फक्त "झालं सगळं" एवढंच सांगितलं. लपवायचं असं मनात नव्हतं. चांगलंच काम केलं असं वाटत होतं की मला!

१५ जाने.

नारायण पेठेतले सुतार घरी आले. ह्यांनी चौकटीचं माप, नक्षी, आईचं नाव कुठे कोरायचं, सगळं कागदावर काढून ठेवलेलं. दीड तास बोलत होते. मी दोनदा पोहे केले. दुसऱ्यांदा कुणी मागितले नव्हते.

जाताना सुतारांनी विचारलं, माल कसा निघाला. हे म्हणाले, "जमीन हलकी आहे आमची, त्या मानाने उत्तम असणार."

सोळा वर्षं हे वाक्य ऐकतेय. आजारातून उठून हे रानात गेले तेव्हा गवत कमरेएवढं होतं, जुने खुंट दिसलेच नाहीत. झाडं बारीक बघून म्हणाले, जमीन हलकी. तेव्हापासून दरवर्षी शेणखताची ट्रॉली. पेन्शनवर. मलाही पटलं होतं. जमीनच हलकी, दुसरं काय.

उद्या सांगायचंच.

१६ जाने.

सांगितलं. सकाळी, ह्यांचा पेपर वाचून झाल्यावर. वखारीतून पिशवीत आणलेला फळीचा तुकडा पुढे ठेवला आणि फुल्यांपासून सगळं.

ओरडतील असं वाटलं होतं. ओरडले असते तर बरं. तुकडा खूप वेळ उलटसुलट बघितला. मग म्हणाले, "म्हणजे जमीन चांगली होती."

आणि उठून बाल्कनीत गेले.

मी मेले असते तर बरं, असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. लिहितानाही लाज वाटते.

१८ जाने.

दोन दिवस कामापुरतं बोलणं. औषध दे, दार लाव. विहार कमिटीच्या अध्यक्षांना ह्यांनी फोन केला, स्वयंपाकघरातून ऐकलं. "लाकूड दाराच्या लायकीचं निघालं नाही. चूक आमच्याकडून झाली." आमच्याकडून म्हणाले. माझं नाव घेतलं नाही. मग म्हणाले, बाकं देतो.

दुपारी सुजाताचा बंगळूरहून फोन. लेकीला तरी सगळं सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं. पाचवीला ती माझ्याच वर्गात होती.

"आई, बाकं करताय ना, मग शेवटचं बाक तेवढं नीट करा," म्हणाली. "मला तिथून फळा दिसायचा नाही."

पहिला नंबर यायचा तिचा. चष्मा लागला सातवीत. मी म्हणायचे, टीव्ही फार बघते.

फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ भाजी निवडत बसले, एकच जुडी.

२१ जाने.

आज जेवताना हे आपणहून बोलले. रानात अजून साठेक झाडं उभी आहेत. पुन्हा विरळणी करायची, परवानगीचा अर्ज टाकायचा. त्याआधी फुल्या. उद्याच जाऊ, गुडघा आता जरा बराय, पौडची बस स्वारगेटहून येते ती वनाजच्या स्टॉपला पकडू.

"खुणा तू कर," म्हणाले.

मी म्हटलं, अहो, मी? मला नका सांगू. काय ठेवायचं, काय काढायचं, माझा काही भरवसा नाही.

"मला वाकता येत नाही. आणि एकदा चुकलेलीस, आता नीट बघशील."

दारांजोगं लाकूड व्हायला किती वर्षं, विचारलं. पंधरा तरी, म्हणाले. तेही ह्या झाडांतून निघालंच तर. हे आता एकाहत्तर. मी बेरीज केली, ह्यांनीही केली असणार.

"तोवर पत्र्याची दारं लावतील," म्हणाले, आणि ताक मागितलं.

गेरूचा डबा काढून दाराशी ठेवलाय. तीच दबलेली झाडं, मीच राखलेली. त्यातलं कुठलं सरळ म्हणायचं, उद्या तिथे उभी राहूनच कळेल.