शाहपूरला निघालो आहे

सोमवार, १ फेब्रुवारी १९३७

ही वही दिवाळीत आणली. पहिल्या पानावर नाव घातलं, दुसऱ्यावर आयुष्याचे नियम लिहिले (अकरा), आणि मग लिहायचं राहून गेलं ते आजपर्यंत. आळस नव्हे. लिहिण्याजोगं काही घडावंही लागतं. आता घडतंय.

विमल, म्हणजे माझी बायको, नागपूरहून बुऱ्हाणपूरपर्यंत सायकलवर येत आहे. अडीचशे मैल! वर्षभर तिथे मास्तरणीचं ट्रेनिंग घेतलं, ते संपलं, आणि आगगाडीने न येता माझ्या सायकलवर येते. सायकल मी काशीला जायला घेतली होती. असीरगडापर्यंत, म्हणजे बारा मैल, गेलोही होतो.

आज मलकापूरहून तिचं पत्र. मागचा टायर पार झिजलाय. गुरुवारी संध्याकाळी शाहपूरला मालूबाईकडे पोचेन. (ही तिथल्या केळीच्या बागायतदाराची विधवा, विमलची मैत्रीण.) पुढे लिहिते: "नवा टायर-ट्यूब घेऊन तुम्ही गुरुवारी तिथे या. शुक्रवारी गावात शिरताना माझ्या शेजारी असा. एवढंच मागते. लोक काय बोलायचं ते बोलोत, मी ऐकून घेईन. नाही आलात तर मी गावात शिरणार नाही. अमरावतीची शाळा जागा देते आहे, तिकडे जाईन."

शेवटचं वाक्य नको होतं. विश्वास म्हणून काही असतं की नाही? मागे तिला नागपूरला सोडायला निघालो तेव्हा भुसावळला चहाला उतरलो आणि गाडी तिला घेऊन गेली, एवढंच काय ते. ते अजून धरून बसली आहे.

शेवटचे अकरा मैल म्हणजे सगळ्या प्रवासाचा प्राण. ते माझ्या अंगावर. प्लॅन: मंगळवारी टायर, बुधवारी सकाळी कूच. एक दिवस हातात राखून.

मंगळवार, २

टायर आणायला निघालो. वाटेत कुंडी भंडाऱ्याकडे, म्हणजे जुन्या नहराच्या विहिरींपाशी, गर्दी. कुणाचा तरी पोहरा कुंडीत पडलेला, आणि चार माणसं गळ टाकून बसलेली. पण सिस्टिम नाही. मी सिस्टिम लावून दिली. पोहरा निघाला नाही, गळही आत गेला. तोवर सायकल मिस्त्रीचं दुकान बंद.

बुधवार, ३. संध्याकाळी.

टायर, ट्यूब, पंप, सोल्युशन, सगळं हातात. चार वाजले होते. म्हटलं, आता उद्या पहाटे उठून सरळ शाहपूर.

आई म्हणाली, उद्या गुरुवार, दक्षिणेला दिशाशूल आहे, शाहपूरकडे निघू नये. मी नव्या विचारांचा माणूस. हसलो. पण मग वाटलं, बायको अडीचशे मैल सुखरूप आली आणि माझ्यामुळे शेवटच्या अकरांत काही झालं तर? जबाबदारी कोणाची?

तेव्हा शास्त्रातलीच तोड काढली. प्रस्थान ठेवलं. चांगल्या दिवशी आपलं थोडं सामान दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं, म्हणजे माणूस निघाल्यातच जमा. मग दिशाशूल त्याला लागत नाही. टायर, ट्यूब, पंप, वर सुपारी नि नारळ, सगळं धोतरात बांधून मोतीलालच्या घरी ठेवून आलो. घर चार गल्ल्या सोडून, म्हणजे शाहपूरच्या दिशेलाच.

विमलला काळजी नको म्हणून पोस्टकार्ड टाकलं. पत्ता मालूबाईचा. मजकूर: "शाहपूरला निघालो आहे."

शब्द अन् शब्द खरा.

गुरुवार, ४

निघालेल्या माणसाला घाई नसते. हे आज प्रथमच अनुभवलं. दुपारी मावाजलेबी खाल्ली. दुकानात मोतीलाल भेटला. माझा जिवलग. म्हणे, अभी तक गेला नाहीस? मी प्रस्थानाचं सगळं समजावलं. त्याने जलेबीचा शेवटचा तुकडा उचलला. मग म्हणाला, "टायर माझ्या घरी, वहिनी शाहपूरला, आणि तू इथं. मग निघालं कोण, भाई?"

हिंदी शाळेत शिकलेला. शास्त्र कुठून कळणार?

संध्याकाळी विमल पोचली असेल. कार्ड वाचून झोप चांगली लागेल तिला.

शुक्रवार, ५

सकाळी सहालाच उठलो! (नियम चौथा.) सातला मोतीलालच्या दारात. दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, तो अंधारातच बैलगाडी जोडून गेला. गाठोडं? गाठोडंही नेलं.

विचार केला, रिकाम्या हाताने चालत निघावं का? पण प्रस्थान जिथे ठेवलं तिथून उचलूनच निघायचं असतं, आणि ते सोडून घरी परत जाणं तर फारच वाईट. दोन्हीकडून बांधलेला. ओट्यावर बसलो.

गल्लीत विणकर ताणा पसरत होते. एक माणूस कमी होता. टोक धरलं. म्हातारा विणकर म्हणाला, ताठ धर, इकडे तिकडे बघू नको. मी बघत नव्हतो. रस्त्यावर एक अस्वलवाला आला होता तेवढाच. दोनदा ओरडला म्हातारा माझ्यावर, पण ताणा शेवटी सरळ झाला. कोणी आभार मानले नाहीत. पाचला घरी आलो, गाठोड्याशिवाय; ते मोतीलालने हलवलं, म्हणजे शास्त्राचा भंग माझ्याकडून नाही.

शनिवार, ६

 मोतीलाल घातकी निघाला.

तो सकाळी आला. धोतराची घडी परत दिली. नारळ नव्हता. म्हणाला, तू जाणार नाहीस हे मला जलेबीच्या दुकानातच समजलं, म्हणून मीच नेलं. काल सकाळी दहापर्यंत वहिनींनी मालूबाईच्या दारात वाट बघितली. कार्ड हातात होतं. मग त्यांना वाटलं, निघालेत म्हणजे वाटेत कुठे तरी अडकले असतील, आपणच सामोरं जावं. फोपनारच्या फाट्यावर टायर फाटला. मोतीलाल आडवाटेने शाहपूरला गेला म्हणून चुकामूक झाली; चौकशी करून सडकेने मागे वळला तेव्हा त्या निंबाखाली उलटी सायकल ठेवून बसल्या होत्या. येणाऱ्या प्रत्येक गाडीपाशी उठत होत्या म्हणे.

टायर ह्याने बसवला. माझा टायर! मग तिने विचारलं, ते कुठे आहेत? इथे खरा मित्र असता तर त्याने काही तरी सांगितलं असतं. ताप आला, बैल बिथरला, काहीही. ह्याने प्रस्थानाचं सांगितलं. जलेबीचंही सांगितलं.

विमल हसली म्हणे. कार्ड परत एकदा वाचलं आणि म्हणाली, "ते निघालेत ना? निघू द्या त्यांना."

नारळ तिथेच फोडून दोघांनी खाल्ला. मग तिने सायकल शाहपूरकडे वळवली. बुऱ्हाणपूर चार मैलांवर होतं. चार मैल! एवढं करून चार मैलांसाठी कोणी परत फिरतं? याला मी हट्ट म्हणतो.

मी आईला म्हटलं, तुझ्या दिशाशूलामुळे झालं. आई भाजी निवडत होती. वर बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, "नंदू, तुझे वडील दर गुरुवारी शाहपूरच्या बाजाराला जात होते."

हे बुधवारी सांगायचं नाही?

घरातला माणूस फिरला, मित्र फिरला, बायको तर अक्षरशः फिरली.

रविवार, ७. दुपारी.

राग ओसरला. मोठ्या मनाने निर्णय घेतला आहे. मी स्वतः अमरावतीला जाणार. तिला क्षमा करणार. शाळेच्या फाटकात उभा राहून काय बोलायचं ते लिहून काढतोय. दीड पान झालं आहे, सुरुवात फार जोरदार आहे. "विमल, तू मला ओळखलं नाहीस." यावर ती काय बोलेल ते मात्र सुचत नाही. 

मोतीलालचं नावही त्यात घालणार नव्हतो, पण घातलं.

कधी निघायचं? उद्या सोमवार, पूर्वेला जायला बरा नाही. मंगळवारी मिस्त्रीकडे जायचंय, तो म्हणतो पंप त्याचा होता. बुधवार मोकळा आहे. बुधवार नक्की.

ओट्यापाशी बैलगाडी थांबल्याचा आवाज. आई बोलते आहे कोणाशी तरी.

पाहून आलो. शाहपूरहून मालूबाई आली आहे, एकटीच, गाडी स्वतः हाकत. गाडीत माझी सायकल, पुसून लख्ख केलेली, मागे नवा टायर. विमल काल सकाळी सर्व्हिस मोटारने अमरावतीला गेली, म्हणाली. आता मालूबाईला विमलची लुगड्यांची पेटी हवी आहे. उद्याच्या मोटारीवर घालायची आहे.

मी म्हटलं, अशी कशी देता येईल, भरायला वेळ लागेल.

आई आत गेली आणि पेटी ओढत घेऊन आली. भरलेली. वर दोर बांधलेला, आणि दोरात लोणच्याची बरणी. कालच भरून ठेवली होती तिने.