आपल्या दारासमोरचा संडास

माय, काल आमच्या बेसा भागातल्या सोसायटीत मीटिंग झाली. कचऱ्याचे डबे कुणाच्या खिडकीखाली ठेवायचे यावर शिकली-सवरलेली माणसं तास दीड तास एकमेकांच्या अंगावर धावून जात होती. मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले होते आणि माझ्या तोंडाशी आलं होतं, "ठेवा आमच्या खिडकीखाली." दातांखाली जीभ धरून गप्प बसले. घरी आले ती तुझ्यावर चिडूनच. मरून इतकी वर्षं झाली तरी तू माणसाला स्वस्थ बसू देत नाहीस.

आपल्या बस्तीतली ती बैठक मला अजून दिसते. बुद्धविहारासमोर सतरंजी टाकलेली, सरकारी साहेब खुर्चीवर, हातात नकाशा. बस्तीला पहिल्यांदाच बायकांचा संडास मंजूर झालेला. तोवर आपण सगळ्या रेल्वेच्या पटरीपाशी जायचो, उजाडायच्या आत, घोळक्यानं. इंजिनाचा उजेड आला की होतो तशा उठून उभं राहायचं आणि तोंड फिरवायचं, हे मला अक्षरांच्या आधी शिकवलेलं. तेव्हा संडास सगळ्यांनाच हवा होता, फक्त आपल्या दारात नको होता. मागच्या ओळीतल्या घरांचे म्हणाले पुढे बांधा, पुढचे म्हणाले मागे. साहेब नकाशाची गुंडाळी करून उठायला लागले, तशी तू पदर खोचून उभी राहिलीस आणि म्हणालीस, "कोनाच्याच दारात नाही पायजे, तं माह्या दारात बांधा." बाबांना विचारलं नाहीस, मला विचारलं नाहीस. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वाजवतीलच, त्यांचं काय जात होतं?

बाबा गिरणीतून आले आणि बातमी ऐकून डबा हातात तसाच धरून उभे राहिले. गावात त्यांच्या बापानं मेलेली ढोरं ओढली होती. ते सगळं टाकून, धर्म बदलून, माणसासारखं जगायला म्हणून ते नागपुरात आले होते. "गावची घाण सोडून आलो अन् तू दारात आनून बसवली. काहून?" एवढंच त्यांनी विचारलं. तू सुपात बिड्यांसाठी तेंदूची पानं कातरत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "घाण तं होतीच जी. पटरीवर होती, आता कुलपात राहील." बाबा त्या रात्री जेवले नाहीत. मीही जेवणार नव्हते, पण भूक लागली होती.

संडास बांधून झाला आणि मग लक्षात आलं की बांधणाऱ्यांनी त्याला नळच जोडलेला नाही. याला म्हणतात दैव देतं अन् कर्म नेतं. पाण्याचा नळ बस्तीत एकच, पार कोपऱ्यावर, आणि उन्हाळ्यात त्याची धार करंगळीएवढी. दुसरं कुणी असतं तर हात टेकले असते. तू कुलूप आणलंस, किल्ली कमरेला खोचलीस आणि कायदा केलास: भरलेली बालटी दाखवायची, मगच किल्ली मिळेल. आणि बालटी जिची तिनंच आणायची, पोरीबाळींकडून भरून घ्यायची नाही. बिड्या वळायला तू दिवसभर दारातच बसलेली, त्यामुळे पळवाट कुणालाच नव्हती. एक मावशी अर्ध्या बालटीवर फडकं झाकून यायची. तू फडकं उचलायचीस आणि तिला परत पाठवायचीस. सगळी बस्ती तुझ्या नावानं बोटं मोडायची आणि संडास मात्र आरशासारखा लख्ख. पण आमचं काय झालं हे कधी पाहिलंस? ताटावर बसलं की दारात बालटी. परीक्षेचा अभ्यास काढला की दारात बालटी. आपल्या घराला नंबर होता, पण पोस्टमनसुद्धा पत्ता सांगताना "संडासासमोरचं" म्हणायचा. मैत्रिणींना मी सदरसारख्या चांगल्या भागात राहते म्हणून सांगायची.

आणि मग कामठीचं स्थळ आलं. मुलगा रेल्वेत कारकून. शेजारच्या वहिनीची साडी नेसून मी खाली मान घालून बसलेली, पाहुण्यांच्या हातात पोह्यांच्या बश्या, आणि पुढच्या ओळीतली एकजण बालटी घेऊन दारात. मला वाटलं, आज तरी तू किल्ली गुपचूप देशील. तू उठलीस, बालटीत डोकावलीस आणि पाहुण्यांदेखत तिला म्हणालीस, "अर्धीच आनली वं. जाय, भरून आन." हेही निभावलं असतं. पण मग मुलाच्या आईनंच तुझ्या कानात काहीतरी विचारलं. सकाळपासून घराबाहेर होत्या बिचाऱ्या. तू त्यांच्या हातात रिकामी बालटी दिलीस आणि नळाचा कोपरा दाखवलास. मी भरून आणते म्हणून उठले, तर तू मला हात धरून खाली बसवलंस. पोरींनी पाणी आणायचं नाही, कायदा म्हणजे कायदा.

"आमी पाहुणे आहो, बाई," त्या म्हणाल्या.

"पाहुन्याले बी पानी लागतेच," तू म्हणालीस.

त्यांनी बालटी उंबऱ्यावर ठेवली आणि चपला घातल्या. दोन दिवसांनी निरोप आला की मुलगी बरी आहे, पण घर बरं नाही.

त्यानंतर तू जे केलंस त्याचा मला सगळ्यात जास्त राग आला. तू किल्ली बाहेरच्या खिळ्याला अडकवलीस आणि सूप घेऊन मागच्या दारी बसायला लागलीस. कुणाची बालटी पाहायची नाही, कुणाला बोलायचं नाही. पोरीचं लग्न आपण मोडलं, हे तू मनाला इतकं लावून घेतलंस की बाबांनी समजावलं तरी ऐकेनास. आठवडाभरात संडास तुंबला. बायका पुन्हा पटरीला लागल्या आणि त्यांच्याबरोबर तू आणि मीही. एका पहाटे गाडी आली. सगळ्या उठून उभ्या राहिल्या, पण शेजारच्या वहिनीला, जिची साडी मी नेसले होते तिला, दिवस भरत आलेले. तिला उठताच येईना. तिनं तिथंच बसल्या बसल्या पदर तोंडावर ओढून घेतला, आणि सगळी गाडी तिच्यावर उजेड टाकत, डब्याच्या दारातल्या टोळक्याची हुल्लड ऐकवत निघून गेली. आपण दोघी तिच्या पुढे आडव्या उभ्या राहिलो. तू रडत होतीस. मी नाही रडले, मला संताप आला होता, तुझा, त्या साहेबांचा, गाडीचा, सगळ्यांचा.

घरी येऊन मी खिळ्यावरची किल्ली काढली आणि तुझ्या सुपात, तंबाखूवर टाकली. "घे. पाहत जाय बालट्या." तू विचारलंस, "अन् तुह्या लग्नाचं?" मी म्हटलं, होऊन जाईल. त्याच दिवशी तू साऱ्याजणींना बालट्या घेऊन बोलावलंस आणि दुपारपर्यंत संडास धुऊन घेतलास. पुन्हा दारात बालट्या सुरू झाल्या.

इथवर ठीक होतं. पण पुढे मरेपर्यंत तू जगाला सांगत सुटलीस की माझ्या पोरीनं बस्तीच्या बायकांसाठी सोयरीक सोडली. बाळंतिणीला भेटायला गेलीस तिथं सांगितलंस, सीताबर्डीच्या दुकानदाराला सांगितलंस, आणि कहर म्हणजे माझ्या सासूला सांगितलंस. त्या माउलीनं मला जन्मभर देवीसारखं वागवलं. दवाखान्यात शेवटच्या दिवसांत तू नर्सलाही तेच सांगत होतीस, माझा हात धरून, डोळ्यांत पाणी आणून. मी तेव्हा खरं काय ते सांगणार होते. तुझा चेहरा पाहून नुसतं तुझं पांघरूण सारखं केलं.

आता हे पत्र कुठं टाकायचं? राहील इथंच, पलंगाखालच्या पेटीत. म्हणून लिहून टाकते. तो मुलगा पूर्ण वेळ नाकाला रुमाल लावून बसला होता, आणि पोहे मात्र दोनदा मागून घेतले. त्याच्या आईनं चपला घातल्या तेव्हा मी आत चुलीपाशी गेले आणि तोंडात पदराचा बोळा कोंबून हसले. तुला वाटलं, मी रडते आहे.