दीर्घ वेलांटीचा पुरावा

३ जून, सोमवार
नव्या दालनाचा नकाशा लागला. नदीपलीकडच्या गावाच्या नावात ऱ्हस्व वेलांटी! दीर्घ पाहिजे. जिल्हा संग्रहालयात सव्वीस वर्षं काढली ती काय माश्या मारायला? महिनाअखेर साहेब रिटायर. ही चूक मी सुधारली की त्यांची खुर्ची माझी, दारावर माझ्या नावाची पाटी. निश्चय: शांत राहायचं. चहा बंद.

४ जून
शांत राहिलो नाही. नकाशा ज्युनियरबाईंचा. म्हणाल्या, गावातले सगळे ऱ्हस्वच लिहितात. मी म्हटलं, गावातल्यांना काय विचारायचं? तर म्हणे, मग कोणाला विचारायचं? उर्मट. चहा तीन वेळा.

६ जून, जेवणानंतर
बायकोचं माहेर नेमकं तेच गाव. सासरे फोनवर म्हणाले, जावईबापू, मी जन्मभर ऱ्हस्व लिहीत आलोय. मी प्रेमाने समजावलं की चूक पंचाहत्तर वर्षं केली तरी चूकच. बायकोने हातातून फोन काढून घेतला. आमटीत मीठ नव्हतं. मागायचं धाडस केलं नाही.

१० जून
पुरावे: पर्यटन पुस्तिका, पुलाची पाटी, शाळांमधला भिंतीवरचा नकाशा. सगळीकडे दीर्घ. ज्युनियरबाई म्हणाल्या, हे सगळं अलीकडचं, जुनं काही दाखवा. दाखवतोच!

१४ जून, दुपार
सापडलं! तळघरात नावाड्याचं वल्हं, त्याला सुतळीने बांधलेली चिठ्ठी. कागद पिवळा, कडा वाळवीने खाल्लेल्या. त्यावर गावाचं नाव, दीर्घ वेलांटीसकट. चिठ्ठी किमान शंभर वर्षांची. काय ते वळण! असं अक्षर हल्ली कोणाचं असतं? डोळ्यांत पाणी आलं. धूळही होती.

१५ जून
साहेबांना वल्ह्याबद्दल नुसतं सांगितलं. म्हणाले, आधी आवक रजिस्टर बघा, वस्तू कोणी दिली, कोणी नोंदवली. असली कारकुनी कामं मी करायची? नकाशावर २१ला गावकऱ्यांची सभा आहे, मला भाषण लिहायचंय. चिठ्ठी कोणाला दाखवली नाही. थेट सभेत.

२१ जून
सभा झाली. गावकरी आले होते, पुढच्या रांगेत सासरे. अठरा मिनिटं बोललो. चिठ्ठी लिहिणाऱ्याला 'अज्ञात विद्वान' म्हटलं. मग ज्युनियरबाईंनी रजिस्टर उघडलं. वल्ह्याची नोंद सव्वीस वर्षांपूर्वीची. नोंद करून चिठ्ठी लिहिणारा: मी. नोकरीचा पहिला आठवडा. पुस्तिका चिठ्ठीवरून, पाटी पुस्तिकेवरून, शाळेचा नकाशा पाटीवरून. वल्हं देणाऱ्याची सही सासऱ्यांच्या वडिलांची, खाली गावाचं नाव. ऱ्हस्व.
सगळे हसले. सासरे हसले नाहीत. वल्ह्यावरून हात फिरवत बसले. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२२ जून
आजारी. तळघरातल्या ओलीने कागद इतका पिवळा पडतो, यात माझा काय दोष?

३० जून
साहेब गेले. खुर्ची ज्युनियरबाईंना. नकाशा आहे तसाच राहणार. माझी चिठ्ठी मात्र वल्ह्याशेजारी काचेच्या पेटीत ठेवणार आहेत, 'एक चूक किती दूर जाते' म्हणून. मजकूर लिहायचं काम माझ्याकडेच, कारण अक्षर चांगलं. सासऱ्यांना फोन करून गावाचं नाव विचारलं. त्यांनी एकेक अक्षर सावकाश सांगितलं, मी निमूट उतरवून घेतलं.
खाली लिहिणाऱ्याचं नाव घालायचं ठरलंय. म्हणजे संग्रहालयात माझं नाव लागलं.