कवडूभाऊंची चौकट आणि माझं एक वाक्य

३ फेब्रु., मंगळ.
सकाळी दवनीवाड्याहून कवडूभाऊंचा फोन. साठी उलटलेले वाढई, म्हणजे सुतार; आमच्या गोंदियाच्या घराच्या खिडक्या त्यांच्याच हातच्या. "भाऊ, टेकचंदभाऊच्या नव्या घरची चौकट चिरली जी. पूजा झालेली." कशानं? "तुमी पेपरात लिहलं ते मशीन घेतली ना मी."
मी काय बोललो आठवत नाही. बहुधा 'अरेरे'.

दुपारी कात्रण शोधलं. सदर 'घरकाम'. वाचकाचा प्रश्न: लाकूडकामाला कॉर्डलेस ड्रिल घ्यावं की इम्पॅक्ट ड्रायव्हर? माझं उत्तर: 'एकच घ्यायचं तर डोळे झाकून इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्या. आधी छिद्र पाडायचीही गरज नाही.'
दोन्हींपैकी एकही मी हातात धरलेलं नव्हतं. मजकूर चारला द्यायचा होता. पावणेचारला एका हार्डवेअरवाल्याला फोन केला. "ताकत चाहिए तो इम्पॅक्ट लो, भैया." छिद्राचं वाक्य तर त्याचंही नाही. परिच्छेद आखूड वाटला म्हणून माझं.
तीस वर्षं दोन ठिकाणी विचारल्याशिवाय बातमी सोडली नाही. स्क्रूची कोण तपासतो, असं वाटलं असणार.

५ फेब्रु., गुरु.
दवनीवाडा. कवडूभाऊंच्या कामाच्या छपरीत माझा लेख भिंतीला चिकटवलेला. फोटोसकट.
झालं ते असं. सागाची चौकट हळदकुंकू वाहून उभी केली. मग बिजागऱ्या बसवायला पितळी स्क्रू. एरवी ते गिरमिटानं आधी बारीक भोक पाडतात. या वेळी पाडलं नाही. मशीन ठोके देत देतच फिरवते. दोन स्क्रूंची डोकी तुटली, तिसऱ्याला लाकूड वीतभर चिरत गेलं.
टेकचंदभाऊंची आई म्हणाली, पूजलेली चौकट फुटली, या दारातून मी पाय टाकत नाही. आणि टेकचंदभाऊ मजुरांसमोर बोलले, "बुढ्याचा हात गेला आता."
कवडूभाऊंच्या बायकोनं, शांताबाईंनी, चहा आणला. "चाळीस वर्सं पेचकसनं केलं, काई नाई झालं. आता पेपर वाचून मिस्तरी होऊन राहिले!"
कवडूभाऊ म्हणाले, "तिचं नका आयकू जी. मशीन चांगलीच हाय. माह्याच हाताले समजली नाई."
ते यंत्र मी कधी हातात धरलेलं नाही, हे तिथंच सांगायला हवं होतं. चहा प्यायलो. चांगला झालाय म्हटलं.

६ फेब्रु., शुक्र.
गोंदियातल्या एका फर्निचरवाल्याकडे दोन्ही यंत्रं चालवून पाहिली. ड्रिलला आकड्यांचं कडं असतं. नेमल्या जोरावर कटकट वाजतं आणि स्क्रू फिरायचा थांबतो. इम्पॅक्ट ड्रायव्हर थांबत नाही. लांब स्क्रू, जाड काम, तिथं उत्तम. पितळी स्क्रूला नाही. आणि भोक आधी पाडायचंच, यंत्र कुठलंही असो. समजायला दहा मिनिटं लागली.
दुरुस्ती लिहिली. आधी 'अनवधानाने' लिहिलं, मग खोडलं. माहीत नाही हे माहीत होतं.
डेस्कवरचा पोरगा: "सर, कोणाला आठवतंय ते? जागा उरली तर रविवारी टाकतो."

८ फेब्रु., रवि.
दुरुस्ती आली. आतल्या पानावर, जाहिरातीखाली. पेपर घेऊन दवनीवाड्याला गेलो, कवडूभाऊंना वाचून दाखवलं.
"म्हंजे तुमी चालवली नव्हती?"
नाही.
"मंग काऊन लिहलं?"
चार वाजत आले होते, म्हणालो. खरंच म्हणालो हे.
शांताबाई उठून आत गेल्या. त्यापेक्षा परवाचं बोलणं सोसलं होतं.
कवडूभाऊ: "मले वाचून दाखवून का होते, भाऊ? टेकचंदभाऊ बोलले ते समद्या मजुरायनं आयकलं. ते कुठं पेपर वाचतेत?"
भिंतीवरचा लेख तसाच आहे. काढा म्हणायचं होतं. कोणत्या तोंडानं...

१० फेब्रु., मंगळ.
कवडूभाऊंना मीच फोन केला. टेकचंदभाऊंनी दुसरा मिस्तरी ठरवलाय. गुरुवारी चिरलेली चौकट उपटणार. "चिरेत सागाची पट्टी बसवली तं दिसणार बी नाई. पन मले हात लावू देत नाईत." जातो म्हटलं. गुरुवारी, मिस्तरीच्या आधी. तुम्हीही या.
हो म्हणाले नाहीत.

१२ फेब्रु., गुरु.
बसमधून उतरलो तर कवडूभाऊ थांब्यावर उभे. पिशवीत गिरमिट, पटाशी, सागाची पट्टी. मशीन नव्हती. फाटकाशी म्हणाले, "तुमी बोला. मी इथंच थांबतो."
टेकचंदभाऊंनी हसत खुर्ची मागवली. मजुरांना म्हणाले, "हे आपले लेखक. पेपरातले." बसलो नाही. सगळ्यांना जवळ बोलवा म्हटलं आणि उभ्यानं सांगितलं. लेख, फोन, छिद्राचं वाक्य. हात कवडूभाऊंचा गेलेला नाही, चूक माझी आहे. एक मजूर हसला. बरोबरच हसला.
टेकचंदभाऊंनी चिरेवरून बोट फिरवलं. माझ्याकडे पाहिलं नाही. "मायले इचारतो," म्हणून शेजारच्या जुन्या घरात गेले.
हे इथंच, विटांच्या ढिगावर बसून लिहितो आहे. चौकटीवर हळदीची बोटं अजून आहेत. दुसरा मिस्तरी येऊन पलीकडे बिडी ओढतोय. टेकचंदभाऊ अजून जुन्या घरातच.
कवडूभाऊ फाटकाशीच. पिशवी खाली ठेवलेली नाही.