शेजारच्या खोलीतला आलाप

१४ मार्च, शनिवार दुपार

ती. ताईस,
नमस्कार.

तुझा फोन वाजत होता तेव्हा मी खोलीतच होतो. उचलला नाही. माझ्या नुसत्या 'हॅलो'वरून तू आजवर माझ्या सगळ्या लबाड्या पकडल्या आहेस, म्हणून लिहायला बसलो. भाऊजींच्या गुडघ्याला उतार असेल. आमचे चिरंजीव दुकान सांभाळताहेत. परवा एक सोफा तोट्यात विकला म्हणे, म्हणजे शिकतोय.

माझं इथे झकास चाललंय. वर्गातली सगळी पोरं आपल्या मुलांच्या वयाची, मला 'शेठ' म्हणतात. पहिल्या दिवशी मी वर्गात शिरलो तर सगळी उठून उभी राहिली, त्यांना वाटलं सरच आले. नंतर सर आले, ते माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान! या वयात दुकान सोडून विद्यापीठात गाणं शिकायला निघालो तेव्हा तू एकटीच हसली नव्हतीस, ते मी विसरलेलो नाही.

तर मुद्दा असा, की तू वार्षिक कार्यक्रमाला येऊ नकोस. घसा बसलाय. तिकिटं रद्द कर आणि बरोबर येणाऱ्या बायकांनाही सांग. 'माझा भाऊ विद्यापीठात पहिला आला' असं तू गल्लीभर सांगत सुटली आहेस, ते माझ्या कानावर आलंय.

घसा बसलेला नाही, ताई. वरचं खोडत नाही, राहू दे.

इथे रियाजाला छोट्या खोल्या आहेत, एकीला लागून एक. मधे नुसतं प्लायवूड, आत काही भरलेलं नाही. मी फर्निचरवाला, टिचकी मारली की कळतं. शेजारच्या खोलीत वर्गातली एक मुलगी गायची. अबोल, किरकोळ अंगाची, ती तेवढी मला काका म्हणते. परीक्षेत राग सगळ्यांना एकच होता, पण आलाप ज्याचा त्याने बांधायचा. कस लागायचा तो त्यातच. ती एका सुरावर इतकी थांबायची की वाटावं, ही पुढचं विसरली. मग तो अलगद सोडून पार खालून वर यायची. चुकायची, पुन्हा धरायची. अख्खा हिवाळा तिने त्यात घातला.

मी पलीकडे तोंड मिटून बसायचो. मला स्वतःचं काही सुचतच नव्हतं. मला सुचत नाही गं, मला ऐकू येतं. धंदाही मी तसाच शिकलो, दुसऱ्यांच्या दुकानाबाहेर उभा राहून. भाव कसा सांगतात, गिऱ्हाईक उठायला लागलं की काय बोलतात, सगळं कानाने उचललं. तेव्हा लोक त्याला हुशारी म्हणाले.

परीक्षेत माझा नंबर तिच्या आधी लागला. 'नकळत गाऊन गेलो' असं लिहिणार होतो. पण नकळत नव्हतं, आरशासमोर म्हणून पाहिलं होतं. तिचं थांबणं, तिचं सोडणं, जसंच्या तसं. परीक्षकांनी मनापासून दाद दिली, पुढे पहिला नंबर आणि वार्षिक कार्यक्रमातलं गाणंही त्यावरच मिळालं. मग ती आत गेली. दार उघडंच होतं. तिने सूर धरला आणि थोड्याच वेळात परीक्षक म्हणाले, "अहो, हे आत्ताच ऐकलं आम्ही. स्वतःचं काही आणलंय की नाही?" ती काहीतरी वेगळं गाऊ लागली आणि मधेच थांबली. तिला पुढच्या वर्षात घ्यायचं की नाही, यावर सोमवारी बैठक आहे.

काल कॅन्टीनमध्ये ती माझ्यासमोर येऊन बसली.

"काका, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार की."

"तुम्ही पलीकडे गात असणार. मला वाटतं, मीच नकळत तुमचं उचललं. मला अगदी खरं वाटत होतं हो, की ते माझंच आहे. सॉरी हं काका."

ताई, मी पलीकडे कधी गायलोच नव्हतो. आणि मी तिला म्हणालो, "असू दे गं. होतं असं." वर तिला चहा पाजला. ती म्हणाली, आता कुठलाही सूर लावला की हा कुणाचा असेल असंच वाटतं, म्हणून रियाज बंद केलाय.

मग घशाची युक्ती काढली. म्हटलं, मी बाजूला झालो तर कार्यक्रमात तिला गाता येईल. सरांना तसं सुचवलं. ते म्हणाले, "तिला? ती नक्कल करते, शेठ." मी मान हलवली. हलवली गं मी मान.

विभागप्रमुख बाई आज संध्याकाळपर्यंत बसणार आहेत. वाटेत टपालपेटी लागते. आधी हे पत्र टाकणार, मग त्यांच्याकडे जाणार. मी स्वतःला ओळखून आहे. बाई हसून "या शेठ" म्हणतील आणि मी हवापाण्याच्या गप्पा मारून परत येईन. तुला कळलेलं असलं की ती पळवाट राहत नाही.

बाईंसमोर बोलणं त्यातल्या त्यात सोपं. तिथून त्या मुलीकडे जायचंय. ते तुझंच होतं, पहिल्यापासून शेवटपर्यंत तुझं, एवढंच सांगायचंय. मग ती माझ्याकडे बघेल. तेव्हा कुठे बघायचं, ते मला अजून सुचलेलं नाही.

गल्लीत काय सांगायचं ते तू ठरव. खरं सांगितलंस तरी माझी तक्रार नाही.

तू अजून मानत असशील तर,
तुझा धाकटा भाऊ