हर्सूलचा दवाखाना, मस्कतचा फोन

१६ जानेवारी, गुरुवार

आज स्वतःच्या दवाखान्याचं शटर पहिल्यांदा उघडलं आणि बसले. कुणी आलं नाही! दोन पलंग, शेकाचं मशीन, गुलमंडीच्या बाजारातून आणलेला निळा पडदा – सगळं कोरं करकरीत, आणि मधे मी. रस्त्यावर कुणी थांबलं की वाटायचं – येऊ दे. लगेच वाटायचं – नको येऊ दे. हॉस्पिटलच्या फिजिओथेरपी विभागात होते तेव्हा अडलं की मागं वळून सरांना विचारायचं. इथं मागं भिंत.

संध्याकाळी मस्कतहून इंद्रजीतचा फोन. "काय डॉक्टरीणबाई, आले का पेशंट?" म्हटलं, "आले की दोन-तीन." नवऱ्याशी सरळ खोटं बोलले.

१९ जानेवारी

रविवार. कपाटातला त्याचा चौकड्याचा शर्ट उगाच धुतला. तारेवर वाळताना बघून बरं वाटलं.

२७ जानेवारी

तलावाकडं चालत गेले. तो इथं होता तेव्हा रोज यायचो. शेंगा सोलून माझ्या हातावर ठेवायचा, बोलायचा कमी. दवाखान्याची जागाही त्यानंच शोधली – आणि मग मस्कतचं काम मिळालं नि गेला.

आज म्हणाला, "तनू, नाय जमलं तर बंद कर. तुझ्या व्हिसाचं बघतो, ये इकडं." मी हो म्हणाले. किती पटकन! फोन ठेवल्यावर कळेना – मला त्याच्याकडं जायचंय, का नुसतं इथून पळायचंय?

३ फेब्रुवारी

पाचोडचे कडुबा म्हणून एक बाबा आले, सोबत सून रत्नमाला. पायाचं हाड मोडलेलं, प्लास्टर नुकतंच निघालेलं. "जरा रगडून द्या बाई, पोटरी लई ठणकायली."

हात लावला तर पोटरी गरम, दुसरीपेक्षा फुगलेली. हात काढून घेतला. शिरेत रक्ताची गाठ असली आणि मी चोळलं, तर ती सुटून छातीत जाईल. आणि नसलीच तर? गावभर होईल, बाईला काही येत नाही म्हणून. सवयीनं मागं वळून पाहिलं. कुणी नाही.

"बाबा, मी चोळणार नाही. आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलला जा, पायाची सोनोग्राफी करा." चिठ्ठी लिहून दिली.

बाबा भडकले. "तिथूनच आलो की! पाय दाबायला बी मोठा दवाखाना लागतो व्हय?" रत्नमालानं चिठ्ठी पदरात बांधली. रिक्षात चढताना तिनं एकदा वळून पाहिलं, तेवढंच.

ते गेल्यावर पडद्याआड जाऊन रडले.

४ फेब्रुवारी

बाबांचं काही कळलं नाही. ते गेले तरी का हॉस्पिटलला? त्यांचा नंबर घ्यायला हवा होता! इंद्रजीतला फोन लावला, उचलला नाही. कामाच्या साइटवर असेल. सल्ला नको होता, नुसता आवाज ऐकायचा होता.

६ फेब्रुवारी

रत्नमालाचा फोन! दवाखान्याच्या पाटीवरून नंबर घेतला होता तिनं.

"ताई, गाठच निघाली. भरती केलंय. डॉक्टर म्हणले, चोळलं असतं तर अवघड होतं." मग हळूच म्हणाली, "मामंजी तुमचं नाव इचारत होते."

आनंद झाला. पण आधी खुर्चीत बसले. चोळलंच असतं तर...

२२ फेब्रुवारी

पाचोडहून तिघंजण आले. आठवडी बाजारात रत्नमालानं सांगितलं म्हणे. डबा तसाच राहिला. नव्या माणसाला हात लावायच्या आधी अजून भीती दाटून येते. येऊ दे. ती जाईल मग काम करीन, असं म्हणून वाट बघणं मात्र सोडलं. भीती तिच्या जागी, हात त्यांच्या कामाला.

घरी आले, ताट वाढून घेतलं आणि इंद्रजीतची इतकी आठवण आली की ताट बाजूला सारलं. आज पळून जावंसं वाटत नव्हतं. तरीही आली. म्हणजे खरीच आहे.

८ मार्च

कडुबा बाबा बरे होऊन आले, रक्त पातळ करायची औषधं अजून चालू आहेत. चालायचं "बाईंकडंच शिकणार" असं सांगून आले आहेत. दाराला धरून उभे राहिले, मग धरायचं सोडलं. मी पुढं, हात पसरून. चार पावलं. रत्नमाला टाळ्या वाजवायला लागली, तर तिच्यावरच ओरडले!

इंद्रजीतला व्हिसाचं विचारलं. "चाललंय," म्हणाला. कितव्यांदा तरी.

त्याच्याजवळ बसायचंय. एकदाच, काही न बोलता. पण तिथं नाही. इथं.

१२ मार्च

त्याला सांगून टाकलं, "मी नाही येत. मला दवाखाना चालवायचाय."



मग म्हणाला, "तनू, तुझ्या व्हिसाचा अर्ज मी टाकलाच नव्हता. इथलं काम राहतंय का जातंय, कळत नव्हतं. आज गेलं. तुला सांगायची लई भीती वाटत होती."

"ये," म्हटलं. "मी आहे."